मडकं काका लावणार

कशेळे,
२ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

नमस्कार. तब्येतीची चौकशी मुद्दाम शेवटी करणार आहे, कारण ती आधी केली की तुम्ही ‘बरी आहे’ एवढंच लिहून कार्ड टाकता. पत्र लिहिण्यावाचून दुसरी वाट तुम्ही ठेवलेली नाही. फोन उचलता, ‘हो, हो, बरं’ म्हणता आणि ठेवून देता. घरच्या ग्रुपमधून तर मागच्या जानेवारीतच बाहेर पडलात. एकदा पोपटीच्या मडक्यात भाजायला लावलेल्या शेंगा करपल्या आणि तुमच्या स्वप्नीलने त्या काळ्या शेंगांचा व्हिडिओ टाकला, यात इतकं रुसण्यासारखं काय होतं? आपल्या शेतावर तुम्ही उपडं घातलेलं मडकं कधी चुकलं नव्हतं, म्हणून लोक हसले. गप्पांच्या नादात कुणाचंही होतं.

असो. काम असं आहे की माझी चौथी अडली आहे, आणि बाईही अडली आहे.

पुस्तकात ‘इंग्रजांच्या काळात रेल्वे आली’ हे एका ओळीत उरकलंय. मी वर्गात विचारलं, आपल्या बोरघाटातली रेल्वे कुणी बांधली? शुक्रा म्हणाला, ‘इंग्रजानी.’ मी म्हटलं, मग साहेब टोपी घालून डोक्यावर दगड वाहायचा का? वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या बाकावरची मंगळी उठली. ‘बाई, मंग जी मानसं दगड व्हायची ती रातीला झोपायची कुठं?’

काका, मला सांगता आलं नाही. घाटाखाली मजुरांची मोठी वस्ती पडली होती, साहेबांचे तंबू होते, इतकं मला ठाऊक. पण ती माणसं सकाळी उठून काय करायची, पाणी कुठून आणायची, पोरं दिवसभर कुठे असायची, यातलं काही नाही. मग ठरवलं की जानेवारीत शाळेच्या मैदानावर ती वस्ती उभी करायची आणि मुलांनी एक दिवस तिच्यात राहायचं. शाळेत परवानगी मिळाली आहे.

तुम्ही खालापूर तालुक्यात जन्मभर इतिहास शिकवलात. मला त्यांचा दिवस लिहून पाठवा. आणि त्या दिवशी स्वतः या. मुलांना मी सांगूनही टाकलंय की माझे काका येणार.

तब्येत कशी आहे?

तुमची,
सुरभी

---

रसायनी,
७ डिसेंबर

चि. सुरभी,

आशीर्वाद. तब्येत बरी आहे. झालं, आता मोकळेपणाने लिहितो.

घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली घाटातून गाडी गेली. हे फळ्याच्या कोपऱ्यात लिही आणि विसर. साल पाठ केलं की मुलांना वाटतं आपल्याला इतिहास आला. माझ्याही वर्गात असंच व्हायचं.

आता वस्ती. माणसं हजारोंनी होती आणि बहुतेक बाहेरून आलेली, कुणी देशावरून, कुणी आणखी लांबून. पाऊस लागला की काम थांबायचं आणि वस्ती पांगायची, म्हणून पक्कं घर कुणीच बांधत नसे. भिंतीला कारवीच्या काठ्यांचा कूड, वर गवत, खाली शेणाने सारवलेली जमीन. मुलांना तसंच करू दे. प्लास्टिकची ताडपत्री दिसली तर मी तुला पुतणी म्हणणार नाही.

बायका पहाटे उठून जात्यावर बसायच्या. मग ओढ्यावरून पाणी. नंतर त्याही टोपल्या घेऊन कामावर, आणि चालती-बोलती पोरं त्यांच्या मागे. काडेपेटी घरोघर नव्हती. एका चुलीत निखारा राखेखाली झाकून ठेवायचा आणि बाकीच्यांनी तिथून विस्तव मागून न्यायचा. ज्या घरातून विस्तव यायचा त्या घराशी भांडण परवडत नसे. पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली तेव्हा मात्र वस्तीच्या वस्ती रिकामी झाली. हेही सांग. मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा घट्ट असतात.

एक नियम पाळ. कुणी लिहून ठेवलेलं आहे ते ठामपणे सांग. आपण तर्काने म्हणतो त्याच्या आधी ‘कदाचित’ लाव. इतिहासाच्या मास्तराची अब्रू त्या एका शब्दात असते.

मला यायला जमणार नाही. गुडघा कुरकुरतोय आणि कशेळ्याच्या जीपमध्ये सहाच्या जागी दहा माणसं कोंबतात. मुलांना सांग, काका म्हातारे झाले.

तुझा,
काका

---

कशेळे,
१३ डिसेंबर

प्रिय काका,

तुमच्या ‘कदाचित’ने माझा वर्ग बिघडवला. काल शुक्राला विचारलं, गृहपाठ केलास का? तो शांतपणे म्हणाला, ‘कदाचित, बाई.’ हर्षलाची आई सांगत होती की पोरगी घरात दुधाचं पातेलं कुणी सांडलं यावरही तर्क लढवते.

पण काम झकास चाललंय. वाडीवरून कारवी आली. मुलांनी कूड विणला, मुलींनी सारवला, आणि मग मुलांनीही सारवायचा हट्ट धरला. विस्तवाचा सराव चालू आहे. माचिस मी कपाटात ठेवली. पहिल्या दिवशी शुक्राच्या झोपडीतला निखारा विझला आणि तो हर्षलाकडे मागायला गेला. आदल्या दिवशी त्याने तिची वेणी ओढली होती. तिने त्याला बराच वेळ दारात उभं ठेवलं आणि मग दिला. तुम्ही लिहिलेलं भांडणाचं ते वाक्य मला फळ्यावर लिहावं लागलं नाही.

मुलांचे प्रश्न पाठवते. वाघ यायचा का? साहेबाची पोरं कुणाशी खेळायची? आणि मंगळीचा: पटकीत आईबाप गेले त्या पोरांना कुणी भाकर दिली?

दिवसाचा शेवट मला पोपटीने करायचा आहे. मैदानाच्या कडेला भांबुर्ड्याचा पाला आहे, शेजारच्या शेतात वाल धरलाय, तोवर शेंगा भरतील. मला माहीत आहे तुम्ही म्हणाल, देशावरून आलेल्या माणसांना पोपटी कुठली ठाऊक? पण आपल्याकडची माणसं तर इथेच होती. थंडीत शेंगा भाजताना बाजूच्या झोपडीतलं परकं पोर कुणी हाक मारून बोलावलंच नसेल? मंगळीचं म्हणणं, ‘येक तरी आजी आसंलच की, बाई.’

आणि मडकं तुम्हालाच लावायचं आहे. आपल्या घरात आम्ही मुलींनी शेंगा खुडायच्या, पाला धुवायचा, आणि मडक्याला हात घरातल्या थोरल्याने लावायचा. मला ते शिकायचंय, पण दुसऱ्या कुणाकडून नाही. तेव्हा गुडघ्याला तेल लावा आणि या.

तुमची,
सुरभी

---

रसायनी,
१९ डिसेंबर

चि. सुरभी,

वाघ होते. साहेबाची मुलं कुणाशी खेळायची, मला माहीत नाही. मंगळीच्या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिला सांग, प्रश्न बरोबर आहे.

पोपटीचं मात्र माझ्यावर ढकलू नकोस. मी आता मडकं लावत नाही. या वर्षी घरचीही करणार नाही. स्वप्नीलला विचार, नाहीतर मोबाईलवर बघून कर, हल्ली सगळं तिथे असतं.

वर्गात येऊन बोलण्याचंही सोडून दे. शिकवायचं ते शिकवून झालं.

काका

---

रसायनी,
तारीख २२

सुरभी बाय,

मी सोनुकाकी. तुझे काका दळण आणाया गेल्यात तवर लिवते. चुकलंमाकलं गोड मानून घे, मला लिवायची सवय नाय.

त्यांच्या गुडघ्याला काय बी झालेलं नाय. रोज पाताळगंगेच्या पुलापातूर चालून येतात. त्यांना आयकू येत नाय गं. दीड वरीस झालं, कमी कमी होत चाललंय. स्वप्नीलनी कानाचं मशीन आणलं तं कपाटात ठेवलं, म्हणतात त्यात भांडीच वाजतात. फोनवर म्हणूनच हो हो करतात. काय बोललात ते कळतच नाय.

गेल्या पोपटीला गप्पांत इसरले असं समद्यांना वाटलं. तसं नाय. त्यांनी मडक्यावर पाणी मारलं, चर्र झालं, म्हंजे शेंगा झाल्या, मी मागं उभी होते, मला आयकू आलं. त्यांना नाय आलं. त्यांनी अजून पेंढा लावला. मी सांगनार व्हते, पण चार पावन्यांत त्यांना कसं सांगू? शेंगांचा कोळसा झाला. लोकं हसले ते निराळंच. घरी येऊन मला म्हणाले, सोनू, ज्याला चर्र आयकू येत नाय त्यानी मडक्याला हात लावू नये.

आन् शाळेचं म्हणशील तं पोरं प्रश्न इचारतील, यांना आयकू येनार नाय, भलतंच उत्तर देतील आन् पोरं हसतील, येवढीच भीती हाय. पोरांसमोर कवा हरलं नाय ते मानूस.

पन तुझं पत्र तीनदा वाचलं त्यांनी. मंगळी कोन म्हणून मला इचारत व्हते. तू कायतरी कर. मी लिवलं ते सांगू नको.

तुझी,
सोनुकाकी

---

कशेळे,
२८ डिसेंबर

प्रिय काका,

तुमचं पत्र मिळालं. रागावले नाही. पोपटीचं ठरलेलं मात्र तसंच आहे, शनिवार, १८ जानेवारी.

एक नवा नियम केलाय तो तुम्हाला कळवते, कारण वस्तीचे खरे मास्तर तुम्हीच आहात. मुलं एकदम ओरडतात, माझं डोकं उठतं. म्हणून त्या दिवशी वस्तीत प्रश्न तोंडाने विचारायचा नाही. शाळेच्या माळ्यावर जुन्या दगडी पाट्या सापडल्या, त्या धुऊन प्रत्येकाला एक दिली आहे. ज्याला काही विचारायचं असेल त्याने पाटीवर लिहून पाटी वर धरायची. सराव सुरू आहे. वर्गात इतकी शांतता आहे की शेजारच्या वर्गाचे सर दोनदा डोकावून गेले.

मंगळीला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. ‘प्रश्न बरोबर आहे’ हे तिने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय. इतकी वर्षं मी तिला ‘शाब्बास’ म्हणतेय, त्याचं काही नाही.

पाट्यांबद्दल तुमचं मत कळवा.

तुमची,
सुरभी

---

रसायनी,
३ जानेवारी २०२५

चि. सुरभी,

मत विचारलंस म्हणून सांगतो. वस्तीतल्या मुलांच्या हातात पाट्या हा धडधडीत खोटा इतिहास आहे. आईबापांच्या मागे ऊन-धूळ खाणारी पोरं ती. त्यांना अक्षर शिकवायला तिथे कुणी बसलं होतं असं माझ्या वाचनात नाही. कूड कारवीचा, विस्तव निखाऱ्याचा, आणि मध्येच पाट्या. मी तुझ्या शाळेचा तपासणी अधिकारी असतो तर शेरा मारला असता.

दुसरं असं की माझ्या टपालाच्या डबीतलं एक तिकीट कमी आहे. या घरात पत्रं फक्त मी लिहितो अशी माझी समजूत होती. तुझी काकी विचारलं की पोळ्या लाटायला लागते, आणि लाटण्याचा आवाज करते, जणू तो मला ऐकू येतो.

तेव्हा पाट्या कुणासाठी आल्या ते मला कळलं. मला कणव नको आहे, सुरभी. मास्तराला मुलांसमोर सोय करून द्यावी लागली की तो मास्तर उरत नाही.

मंगळी कधी वर्गात पहिली आलीय का?

काका

---

कशेळे,
७ जानेवारी

प्रिय काका,

वस्तीत एखादा अक्षर आलेला मुकादम असेल. संध्याकाळी विस्तवाभोवती पोरं जमली की त्याने त्यांच्या हातात पाट्या दिल्या असतील. कदाचित.

पाट्या तुमच्यासाठी आल्या हे खरं. पण मुलांना मी हे सांगितलेलं नाही, आणि आता त्या त्यांना इतक्या आवडल्यात की तुम्ही नाही आलात तरी परत माळ्यावर जाणार नाहीत. मंगळी वर्गात बोलायला लाजते. पाटी हातात आल्यापासून तिचे प्रश्न संपत नाहीत. पहिली कधीच आली नाही. या वर्षी बघू.

मडकं आणून ठेवलंय. त्याला कुणीही हात लावलेला नाही.

सुरभी

ता. क. जीप नको. स्वप्नील शनिवारी गाडी घेऊन तुमच्या दारात उभा राहील. त्याने तो व्हिडिओ काढून टाकलाय, हे तो स्वतः तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगते.

---

रसायनी,
२१ जानेवारी

चि. सुरभी,

अनेक आशीर्वाद. तब्येत बरी आहे, फक्त घसा बसलाय. काकी हळद-दूध देतेय आणि गालातल्या गालात हसतेय. निवृत्त झाल्यापासून मी सगळं मिळून बोललो नसेन तेवढं शनिवारी बोललो.

तुला वाटलं असेल मी हसत गाडीतून उतरलो. कर्जत येईपर्यंत दोनदा मी स्वप्नीलला गाडी फिरव म्हणालो होतो. पहिल्या वेळी त्याने न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या वेळी म्हणाला असावा, ‘बाबा, आता मलाही ऐकू येत नाही.’ मी त्याच्या ओठांवरून तसं वाचलं. पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

कूड उत्तम. सारवण जरा जाड, पण पहिल्या खेपेला चालायचं. हर्षलाने मला निखारा झाकून दाखवला आणि विस्तव कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हे हातवारे करून समजावलं. शुक्राला अजून ती पुरतं माफ करत नाही असं दिसतं. ताडपत्री दिसली नाही, म्हणून तू माझी पुतणी आहेस.

मी झोपडीसमोर बसलो आणि मुलं समोर बसली. मग एकेक पाटी वर यायला लागली. साहेब अंघोळ कुठं करायचा? जात्यावरची गाणी कोणती? पाऊस आल्यावर ती माणसं गेली कुठं? मी उत्तरं देत गेलो. एकदाही मला ‘काय म्हणालास’ विचारावं लागलं नाही. एकदाही भलतंच बोललो नाही. दोनदा ‘माहीत नाही’ म्हणालो, तर त्याच पोरांनी पाट्यांवर ‘कदाचित’ लिहून मला मदत केली. सोय, कणव असलं जे मी तुला लिहिलं ते मागे घेतो. वर्ग होता तो, आणि मी त्याचा मास्तर होतो.

आता पोपटीचं. पोपटीच्या जागेशेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात ‘कदाचित’ लिहून फलक रोवलात ते पाहून मला फार बरं वाटलं. मंगळी डोक्यावर पदर घेऊन आजी झाली आणि पटकीत पोरकी झालेली दोन पोरं तिने हाताला धरून विस्तवाजवळ आणली, तेव्हा मी चष्मा पुसला. धूर होता, पण धुरामुळे नव्हे. तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहून ठेवलेलं नाही असं मी लिहिलं होतं. तिने ते करून दाखवलं.

तुझ्या हातून मडकं भरवून घेतलं. तळाला पाला, मग शेंगा, मीठ, ओवा, पुन्हा पाला, तोंड गच्च. उपडं आपण दोघांनी मिळून घातलं. पेंढा पेटला. आणि मग पाणी मारायची वेळ आली.

खरं सांगतो, तेव्हा मला उठून गाडीत जाऊन बसावंसं वाटलं. पाणी तर आतल्या शेंगा कच्च्या असतानाही वाळतं, डोळ्यांनी काही कळत नाही. मी ओंजळ मारली. काही ऐकू आलं नाही. कुणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मंगळी मडक्याच्या शक्य तितक्या जवळ कान नेऊन उकिडवी बसली होती. तिने पाटी धरली: ‘अजून नाय.’ मी थोडा पेंढा लावला. पुन्हा पाणी. पुन्हा ‘अजून नाय.’ मला संकोच वाटू नये म्हणून तू दुसरीकडे बघत होतीस, मला माहीत आहे.

तिसऱ्यांदा पाणी मारलं आणि सगळ्या पाट्या एकदम वर गेल्या. कुणाचं अक्षर वाकडं, कुणाचं उलटं, पण सगळ्यांवर एकच शब्द होता. चर्र.

मी दोन वर्षं हा आवाज ऐकला नव्हता. मला वाटत होतं तो आता मला पुन्हा भेटणार नाही. त्या दिवशी मी तो वाचला, सुरभी, आणि वाचताना मला तो आला.

शेंगा कशा झाल्या होत्या ते मी लिहीत नाही. मडक्यात एकही उरली नाही, त्यातच सगळं आलं.

निघताना मंगळीने आपली पाटी माझ्या हातात दिली. ती आता आमच्या ओट्यावर टांगली आहे. सकाळी काकी तिच्यावर ‘चहा’ लिहिते, आणि काल तिने आणखी बरंच काही लिहिलं, ते तुला सांगण्यासारखं नाही. कपाटातल्या मशीनचंही बघेन म्हणतोय. कदाचित.

पुढच्या रविवारी आपल्या शेतावर घरची पोपटी आहे. ग्रुपवर तूच टाक, मी अजून आत आलेलो नाही. मंगळीला तिच्या आईसकट घेऊन ये. आणि स्वप्नीलला नीट समजावून सांग: मडकं मी लावणार, पाणीही मीच मारणार. त्याने व्हिडिओ काढायचा नाही. त्याने पाटी धरायची.

तुझा,
काका